देशभक्तीच्या कव्हरातलं घुबड

आमच्या घरातल्या सगळ्या कड्यांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. दाराची कडी, फडताळाची कडी, बादलीची कडी. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. पाहुण्यांनी विचारलं की आई म्हणायची, “पोरांची बोटं चेमटत्यात.” पाहुण्यांना पटायचं. इतक्या सरळ तोंडानं खोटं बोलायला मला जन्मात जमलं नाही, म्हणून तर पुढचं सगळं रामायण झालं.

खरं कारण माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. तोफखान्यात हवालदार होते. एकाहत्तरची लढाई करून आले आणि पुढच्या वर्षी पेन्शन घेऊन रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी ऊस बघायला लागले. अंगानं धडधाकट, मिशी पिळदार, उजाडायच्या आत दाढी झालेली. बघणाऱ्यानं म्हणावं, ह्या माणसाला काय धाड भरलीय? पण अचानक आवाज झाला की आबा बाजेखाली असायचे.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी चुलीपाशी होते. मांडणीवरचा पितळी हंडा खाली आला. मी वळून बघते तर पडवीत बसलेले आबा गायब, त्यांच्याजवळ खेळणारा माझा धाकटा भाऊही गायब. बाजेखालून आबांचा हात दिसत होता, भावाचं डोकं दाबून धरलेला. भाऊ रडतसुद्धा नव्हता, इतका भ्याला होता. आईनं सूप घेतलं, त्यात तांदूळ घेतले, आणि बाजेसमोर पदर पसरून निवडत बसली. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बाई तांदूळ निवडतीय. पाऊण तास निवडत होती. त्या तांदळात एकही खडा नव्हता, ते आदल्या दिवशीच निवडून झाले होते.

हळूहळू आम्हाला त्यातलं कळायला लागलं. दिसणारा आवाज आबांना चालायचा. स्वतः कुऱ्हाडीनं लाकडं फोडायचे, काही व्हायचं नाही. ढोलवाला समोर उभा दिसला की ढोलही चालायचा. न सांगता, पाठीमागून आलेला आवाज तेवढा चालायचा नाही. म्हणून चिंध्या. म्हणून दिवाळीच्या चारही दिवशी आबांची नेमकी उसाला पाणी पाजायची पाळी यायची आणि ते रानातल्या खोपीत जायचे. इतकं पाणी प्यालेला ऊस आमच्या तालुक्यात दुसरा नसेल. आणि ते झोपेत शीळ घालायचे. वरून खाली येणारी, लांबलचक, बारीक शीळ. ती संपली की दचकून उठून बसायचे. भिंतीपलीकडची ती शीळ संपेपर्यंत मी श्वास धरून पडायची.

हे गावाला कळलं असतं तर? आमचं गाव फौजी. घरटी एक तरी माणूस पलटणीत, भिंतीवर देवाच्या शेजारी त्याचा वर्दीतला फोटो. अशा गावात माणसाला चोर म्हणा, दारुडा म्हणा, चालतंय. भित्रा म्हणायचं नाही. वरच्या आळीत एक सुभेदार होते, जुन्या लढाईत समुद्रापलीकडं जाऊन आलेले, पांढऱ्या मिशा, आवाज असा की पारावर बोलले तर ओढ्यावर ऐकू यावं. एक पोरगा ट्रेनिंगमधून पळून आला होता, तर सुभेदारांनी ताटात हिरव्या बांगड्या घालून, वर खण ठेवून, वाजतगाजत त्याच्या दारात पाठवल्या. त्यानं चार दिवसांत गाव सोडलं. ते ताट मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून आमच्या दारात कुणी ताट घेऊन येताना दिसलं, अगदी संक्रांतीचं वाण असलं, तरी मी आधी त्यात बांगड्या नाहीत ना ते बघायची.

त्यात गावाची एक रीत होती. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडा चढवायचा तो पेन्शनर फौजीनं, आणि पेन्शन आली त्या क्रमानं. ह्याला झेंड्याची पाळी म्हणायचे. पाळी चुकली की पुढच्या वर्षी पुन्हा त्याचीच. आबांची पाळी दोनदा आली, दोनदा आईनं त्यांना ताप आणला. पाचशे माणसांपुढं, पोरांच्या गलक्यात, कुठून काय आवाज येईल सांगता येत नाही. दुसऱ्या खेपेला सुभेदार स्वतः बघायला आले. आबांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, “ह्यो ताप जानेवारीतच बरा येतुया.” गेले. त्या दिवशी आई जेवली नाही.

अकरावी झाल्यावर मला सांगलीला मामांकडं कॉलेजात घातलं. मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लग्नामुंजीला स्पीकर भाड्यानं देणं. रेकॉर्ड लावायचं मशीन, बॅटरी, दोन मोठे कर्णे, आणि रेकॉर्डींचं एक पत्र्याचं खोकं. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि मांडवातल्या धांदलीत मराठी वाचायलाही सवड नसायची. म्हणून त्यांनी कव्हरांच्या कोपऱ्यांना रंगाचे ठिपके दिले होते. हळदीला पिवळा, वरातीला लाल, देवाला भगवा, देशाला हिरवा. हात घालायचा, ठिपका बघायचा, रेकॉर्ड काढून लावायची. मधल्या लेबलकडं ते ढुंकून बघत नसत.

माझ्यासाठी मामांचा एकच नियम होता. “दुकानात बस, पावत्या लिव्ह, काय पायजे ते कर. पर मशीनच्या पिनीला हात लावलास, तर त्याच दिवशी पॅसेंजरनं घरी. कालेज बंद.” पिनी मुंबईहून यायच्या, त्यांच्यावर मामांचा जीव होता. मामींना म्हणे त्यांनी एवढं कधी जपलं नाही, असं मामीच म्हणायच्या.

आणि मी हात लावला. कारण मिरज.

तेव्हा गोव्याला जाणारे हिप्पी मिरज जंक्शनला गाडी बदलायचे. रुंद रुळांची गाडी तिथं संपायची, अरुंद रुळांची तिथून सुटायची. मधले तास-दोन तास ती गोरी पोरं-पोरी फलाटावर पसरायची, आणि गोव्याची वाट हलकी व्हावी म्हणून जवळचं सामान विकून टाकायची. स्टेशनाबाहेर एक चाचा हातगाडी लावायचे. काळे चष्मे, चामडी पट्टे, फाटक्या निळ्या विजारी, आणि खाली एका फळांच्या पेटीत रेकॉर्डी. मैत्रिणीला आगगाडीत बसवून द्यायला गेले असताना मला ती पेटी दिसली. वरच्याच कव्हरावर लोखंडी दातांचा एक मासा होता आणि त्याच्या पोटात दिवा लागलेला. असलं चित्र मी कॅलेंडरवर बघितलं नव्हतं, पुस्तकात बघितलं नव्हतं. मी विचारलं, “चाचा, हे काय गातात?”

“क्या मालूम बेटी,” चाचा म्हणाले. “गोरे लोग भी नहीं लेते इसको. ले जा.”

दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं आणि मामा वर झोपायचे. तेवढ्यात मी फळ्या ओढून घेतल्या, दुरुस्तीच्या टेबलावरचा फौजी हेडफोन मशीनला जोडला, आणि लोखंडी मासा लावला.

काय सांगू! गुऱ्हाळाचं इंजिन पहिल्यांदा पेटताना कसं अडखळतं, धुमसतं, आणि मग जमीन हलायला लागते, तसं काहीतरी माझ्या दोन्ही कानांत एकदम सुरू झालं. त्यावर एक माणूस बोंबलत होता. गात नव्हता, बोंबलतच होता. मी हेडफोन फेकून दिला. अंगाला घाम. फळी सरकवून बघितलं, रस्त्यात एक म्हैस उभी होती, बाकी शुकशुकाट. कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. मी परत हेडफोन घातला.

का घातला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं. आमच्या घरातली भीती मुकी होती. तिला चिंध्या बांधलेल्या होत्या. ही भीती मोकळ्या गळ्यानं ओरडत होती, आणि तिची कुणाला लाज वाटत नव्हती. मला फार भीती वाटली, आणि फार बरं वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

मग मला नाद लागला. महिन्यातून दोनदा मी सिटी बसनं मिरजेला जायची. घरी सांगायचं, मैत्रिणीकडं वह्या आणायला जाते. चाचा माझ्यासाठी पेटी बाजूला ठेवायला लागले. गोड गाण्याच्या रेकॉर्डी मी घेत नसे. उन्हात तिरकी धरली की रेकॉर्डीवर जोराच्या जागा करड्या दिसतात, गप्प जागा काळ्याभोर. मी करडी शोधायची. नावं वाचायची, पण ती कुणालाच माहीत नव्हती, रेडिओवर कधी आली नाहीत, एकदा फलाटावरच्या एका गोऱ्या पोरीला दाखवली तर तिनंही खांदे उडवले. एका कव्हरावर तर अशी भाषा होती की अक्षरांच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके. म्हणून मी माझीच नावं ठेवली आणि एका वहीत लिहिली. लोखंडी मासा. एकपायी घोडा. उलटा कंदील. टकले तिघे. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं, ह्यातल्या काहींनी जन्मात एकच रेकॉर्ड काढली, ती कुणी घेतली नाही, आणि ते आपापल्या गावी कामधंद्याला लागले. त्यांना काय ठाऊक, सांगलीत एका बंद दुकानात एक पोरगी घामाघूम होऊन आपल्याला ऐकतीय.

दर वेळी जिन्यावर पाऊल वाजलं की माझा जीव जायचा. चारच्या आत पिन फडक्यानं पुसायची, हेडफोन होता त्याच खिळ्याला. रेकॉर्डी माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी. मामी एकदा म्हणाल्या, “पोरगी दुपारची लालबुंद हून बसतीया, हिला कडकी तर न्हाई?” आणि पंधरा दिवस मला गुळवेलीचा काढा पाजला. चोराच्या मनात चांदणं, मी मुकाट्यानं प्यायले.

मग एका खेपेला पेटीत घुबड मिळालं. कव्हरावर घुबड, डोक्याला पत्र्याचं टोपडं, मागं जळलेलं रान. लावलं. सुरुवातीला लांबवर घंटा. मग बासरीसारखं काहीतरी, हळुवार, अगदी गुरवाच्या पोरानं वाजवावं तसं. मग सगळं गप्प. मला वाटलं, फसले, हे तर भजन निघालं. आणि मग त्या गिटारीतून शीळ आली. वरून खाली येणारी, लांबलचक, बारीक शीळ. आणि ती जमिनीला टेकली तिथं सगळे ढोल एकदम फुटले.

मी खुर्चीवरून खाली बसले. ती आबांची शीळ होती. झोपेतली. सात समुद्रापलीकडच्या कुठल्या केसाळ पोराला ती कुठून ठाऊक झाली? मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आबा झोपेत शीळ घालत नव्हते. ते लढाईतला अंगावर येणारा तोफेचा गोळा ऐकत होते, आणि ऐकलेलं त्यांच्या तोंडातून बाहेर येत होतं. आणि शीळ संपल्यावर जे येतं, ते आम्हाला कधी ऐकू आलं नव्हतं. ते एकट्या आबांना ऐकू यायचं.

ती रेकॉर्ड टाकून द्यायला हवी होती. टाकवली नाही. ट्रंकेतही ठेवायची छाती झाली नाही, ट्रंक सुट्टीत घरी जायची, आणि आबांच्या छपराखाली ती वस्तू न्यायची म्हणजे झोपलेल्याच्या उशाखाली साप ठेवणं. मग मी हुशारी केली. दुकानातल्या खोक्यात हिरव्या ठिपक्याचं देशभक्तीच्या गाण्यांचं एक मोठं कव्हर होतं. ते वर्षातून दोनदाच निघायचं, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. इतकी सुरक्षित जागा अख्ख्या सांगलीत नव्हती. मी देश काढून घुबडाच्या कव्हरात घातला, आणि घुबड देशाच्या कव्हरात. पंधरा ऑगस्टच्या आधी जागच्या जागी केलं, नंतर पुन्हा बदललं. माझी मलाच शाबासकी.

त्या वर्षी संक्रांतीला मी घरी आले. चोवीस तारखेला परत जाऊन रेकॉर्डी बदलायच्या, असा हिशोब. पण घरी आले तर आईचं तोंड उतरलेलं. झेंड्याची पाळी पुन्हा आबांची. सुभेदार दारात उभं राहून सांगून गेले होते, “आवंदा ताप न्हाई चालनार, हवालदार.” आबा नुसते हो म्हणाले होते, आणि तेव्हापासून रात्री डोळा मिटत नव्हते. मी सामान बांधायला घेतलं तर आईनं माझा हात धरला. “नगं जाऊ. मला एकटीला लय भ्या वाटतंय.” आई कधी असं बोलायची नाही. मी राहिले. मनात म्हटलं, सांगलीत कुठल्या तरी शाळेत घुबड वाजेल, मामा माझी चामडी लोळवतील, कॉलेज सुटेल. सुटू दे. इथं मी हवी.

सव्वीसच्या सकाळी गारठा होता. आबांनी वर्दी घातली, पदकं लावली. आईनं त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. ढोल पोरं वाजवणार, डाव्या हाताला. टाळ्या कधी पडणार. बँडची पोरं कुठं उभी राहणार. आबा मान डोलवत होते, धडा ऐकणाऱ्या पोरासारखे. आम्ही पटांगणाच्या फाटकातून आत शिरलो, आणि मला लिंबाच्या झाडावर कर्णा दिसला.

खाली मामा. बॅटरी, मशीन, आणि पत्र्याचं खोकं. “काय अक्का, कशी गंमत केली?” मामा आईला हसत म्हणाले. “सुभेदारांनी सांगावा धाडला हुता. दाजींची पाळी, म्हनलं आपला कर्णा फुकट लावायचा. पयल्या पॅसेंजरनं आलोय.”

आबा कर्ण्याकडं बघत होते. आईनं विचारलं, “चालंल न्हवं?” आबा म्हणाले, “दिसतोय न्हवं. मग चालतंय. काय लावनार हायसा पाव्हनं?”

“देशाची गानी,” मामा म्हणाले.

आबा पुढं गेले, आई बायकांच्या घोळक्यात गेली, आणि मी खोक्याकडं निघाले. मामा वायरी पिळत होते. “लांब हो! वायरीवर पाय देशील.” मी म्हटलं, “मामा...” त्यांनी वर बघितलं. “काय?”

एक वाक्य बोलायचं होतं. मामा, हिरव्या ठिपक्यात माझी रेकॉर्ड आहे. मग त्यांनी विचारलं असतं, तुझी कसली रेकॉर्ड, कुठल्या पिनीवर वाजवलीस? आणि मला पॅसेंजर दिसली, परतीची, माझ्या ट्रंकेसकट. मी गेले दोन दिवस स्वतःला सांगत होते, सुटू दे कॉलेज. प्रत्यक्ष वेळ आली तर ते सोडवेना. शिवाय मनानं पळवाट काढली, की खोक्यात देशाच्या दोन लहान रेकॉर्डी आहेत, मामा त्याच लावतील, मोठी निघणारच नाही.

“काय न्हाई,” मी म्हटलं. भित्री कोण होती त्या पटांगणात, ते मला त्या क्षणी कळलं. बांगड्यांचं ताट माझ्याकडं यायला हवं होतं.

मामांनी लहान रेकॉर्डी लावल्या. एक झाली, दुसरी झाली. माझा जीव जरा खाली बसला. सुभेदार बोलायला उभे राहिले. पुढच्या दोन ओळींत सगळे पेन्शनर, फेटे बांधून, छातीवर पदकं. सुभेदार म्हणाले, ह्या गावाची माती भिऊन कुणापुढं वाकली न्हाई. टाळ्या पडल्या. टाळ्या आबांना सांगितलेल्या होत्या, ते हलले नाहीत. मग आबा दोरीपाशी गेले. आणि मामांनी, कुणी न सांगता, आपल्या हौसेनं, झेंडा चढताना मागं हळू काहीतरी वाजावं म्हणून, हिरव्या ठिपक्याचं मोठं कव्हर उघडलं.

लांबवर घंटा वाजली.

लोक खूश. कुणीतरी म्हणालं, देवळातली वाटतीया. सुभेदारांनी मान डोलावली. मला ती सुरुवात पाठ होती. घंटा, बासरी, गप्प जागा, शीळ. मी धावले. आईनं दंडाला धरलं, “कुठं निगालीस?” मी म्हटलं, “आई, शीळ हाय त्यात. आबांची शीळ.” आईला आधी कळेना. मग कळलं, आणि तेवढ्यात बासरी थांबली.

सगळं पटांगण गप्प होतं. आबांच्या हातात दोरी होती.

शीळ आली, लिंबावरच्या कर्ण्यातून, अख्ख्या गावावर. आबा दोरी सोडून जमिनीवर आडवे झाले, पण नुसते नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोन शाळकरी पोरी त्यांनी पंखाखाली घेतल्या आणि त्यांच्यावर पडले. “लेट जाव!” असे ओरडले. मी डोळे मिटून घेतले. ढोल फुटले. मामांचा हात पिनीवर पडला, कर्ण्यातून खर्रकन आवाज आला, आणि सगळं थांबलं. आता हसतील, मला वाटलं. आता हसू ऐकू येईल, मग ताट येईल. मी वाट बघत राहिले. हसू आलं नाही. मी डोळे उघडले.

पुढच्या दोन ओळी जमिनीवर होत्या. फेटे सुटलेले, तोंडं धुळीत, हात डोक्यावर. एक जण खुर्चीखाली शिरला होता. बारकी पोरं आणि फौजेत न गेलेली माणसं तेवढी उभी होती, आणि त्यांना काय करावं समजत नव्हतं. सगळ्यांत पुढं, पोटावर पडून, पांढऱ्या मिशांचे सुभेदार थरथरत होते.

आणि बायका. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुणी किंचाळलं नाही, कुणी “अगं बया” म्हणालं नाही. दहा-बारा बायका घोळक्यातून एकदम पुढं आल्या, आणि आपापल्या माणसासमोर पदर पसरून उभ्या राहिल्या. लोकांना दिसू नये म्हणून. कुणाला काही विचारावं लागलं नाही. सगळ्यांना सवय होती. माझी आई पोचली तेव्हा सुभेदारांची म्हातारी आधीच पदर पसरून उभी होती. त्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघी रडायला लागल्या.

आबा पहिले उठले. पोरींना उभं केलं, त्यांचे फ्रॉक झटकले. मग सुभेदारांपाशी जाऊन बसले. “सायेब, उठा. गानं हाय. निस्तं गानं हाय.” सुभेदारांनी मान वर केली नाही. जमिनीतच विचारलं, “समदी उठली का? मोज. समदी हायत का?” आबांनी मोजलं. खरोखर बोटांनी मोजलं. म्हणाले, “समदी हायत.” तेव्हा ते उठले. त्यांच्या मिशांना माती लागली होती, ती आबांनी पुसली. झेंडा चढला.

घरी आल्यावर मामा पेटले. ती रेकॉर्ड त्यांच्या हातात होती, तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा. “कुनी घातली ही अवदसा माज्या खोक्यात?” ह्या खेपेला मी तोंड उघडलं. सगळं सांगितलं, मिरज, चाचा, मासा, घोडा, पिन. आणि सकाळी बोलले नाही, भ्याले, हेही सांगितलं. मामा गुडघ्यावर रेकॉर्ड मोडायला निघाले. आबा पडवीतून म्हणाले, “पाव्हनं, मोडू नगा.”

दुपारी माणसं यायला लागली. एकेक. काही काम नाही, सहज. पडवीत बसत, पाणी पीत, तंबाखू मळत. शेवटी सुभेदार आले. ताट नव्हतं हातात. बाजेवर बसले आणि मला म्हणाले, “पोरी, ते कुनी केलंय? फौजेतला हाय का?”

“ठावं न्हाई,” मी म्हटलं. “त्यांना कुनी वळखत न्हाई.”

“फौजेतलाच आसंल,” सुभेदार म्हणाले. “न्हाईतर यवढं कुनाला म्हाईत?”

आबा म्हणाले, “परत लाव.”

मामा म्हणाले, “दाजी, येड लागलं का?” आबा म्हणाले, “बारीक लाव. अन् आदी सांग, ती कवा येती.”

मामांनी मशीन पडवीत आणलं. कर्णा नाही, आतला लहान स्पीकर. पिन दोनदा घसरली. घंटा वाजली, ओरखड्याची टक टक मधूनमधून. आबांनी माझं मनगट धरलं. आई उंबऱ्यात येऊन बसली, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. बासरी झाली. गप्प जागा आली. मी बोटं वर केली, तीन, दोन, एक.

शीळ आली. आबांची बोटं माझ्या मनगटात रुतली. सुभेदारांनी बाजेची कड धरली. मी आबांच्या तोंडाकडं बघत होते, कारण आता ते येणार होतं, जे आम्हाला कधी ऐकू आलं नव्हतं. ढोल फुटले. आबांचं सगळं अंग हललं, पण ते बसून राहिले. सगळे बसून राहिले.

“फुटली,” आबा म्हणाले. “पर कोन मेलं न्हाई.”

आईनं सूप खाली ठेवलं.